जुन्या गाडीत सापडलेली वस्तू कोणाची? दुकान चालवणाऱ्यांसाठी पूर्ण पद्धत



जुन्या गाड्यांच्या धंद्यात उतरायचं ठरवलेल्या बऱ्याच जणांशी माझं बोलणं होतं. प्रश्न साधारण तेच असतात. भांडवल किती लागेल, मार्जिन किती सुटतं, गाडी पारखायची कशी. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्याच महिन्यात तोच समोर येऊन उभा राहतो. गाडी विकत घेतली, धुवायला लावली, आणि सीटखाली कोणाची तरी वस्तू सापडली. आता काय करायचं?

आज त्याच विषयावर सविस्तर लिहितोय. व्हिडिओत दहा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून कायद्याचा भाग, रजिस्टरचा नमुना आणि खर्चाचा हिशोब इथे देतो. तुम्ही गाड्यांचा धंदा करणार नसाल, नुसतं वॉशिंग सेंटर, गॅरेज किंवा जुन्या फर्निचरचं दुकान टाकणार असाल, तरी हे तुमच्या कामाचं आहे.

काय काय सापडतं?

आपल्या रत्नागिरीतल्या गाड्यांची एक खासियत आहे. मे महिन्यानंतर आलेली गाडी असेल, तर डिकीच्या कार्पेटखाली भाताचा पेंढा हमखास असतो, कारण त्या डिकीतून हापूसच्या पेट्या गेलेल्या असतात. गणपतीनंतर मुंबईकरांनी विकलेल्या गाडीत अक्षता, सुकलेल्या दुर्वा आणि मखराच्या टिकल्या. मिरकरवाड्याकडची गाडी असेल तर काय सापडणार ते नाकालाच आधी कळतं. आमच्याकडे आजवर निघालेल्या वस्तू सांगतो: अडकित्ता, मासेमारीचा गळ, कवळी, एका पायाचा लहान मुलाचा बूट, देवाला कौल लावून आणलेला नारळ, दहावीचं मूळ मार्कलिस्ट, कानात घालायचं ऐकू येण्याचं यंत्र, आणि नाणी. नाणी तर प्रत्येक गाडीत.

हे फक्त आपल्याकडेच नाही. उबर कंपनी दरवर्षी भारतासाठी विसरलेल्या वस्तूंची यादी काढते; फोन, बॅग, पाकीट, चाव्या, चष्मे हे त्यात नेहमीचे. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये जुने रणगाडे जमवणाऱ्या एका माणसाने ऑनलाइन एक रणगाडा विकत घेतला आणि त्याच्या डिझेलच्या टाकीत सोन्याच्या पाच विटा निघाल्या. त्याने त्या पोलिसांना दिल्या. आपल्या दुकानात रणगाडा येणार नाही, पण प्रश्न तोच आहे: गाडी माझी झाली, म्हणजे आतलं सगळं माझं झालं का?

कायदा काय म्हणतो?

उत्तर सरळ आहे. नाही झालं.

तुम्ही सौदा गाडीचा केला. आत काय विसरलंय हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं. जी वस्तू दोघांच्याही मनात नव्हती तिचा सौदा झालाच नाही. या मुद्द्यावर १८४१ चा एक इंग्लिश खटला प्रसिद्ध आहे, मेरी विरुद्ध ग्रीन. एकाने लिलावात लिहिण्याचं जुनं कपाट घेतलं. त्याच्या चोरकप्प्यात पैशांची पिशवी निघाली आणि ती त्याने ठेवून घेतली. कोर्टाचं म्हणणं असं की कपाट विकलं गेलं, पिशवी नाही. आतलं सामानही विकलं आहे असं मानायला त्याच्याकडे कारण नसेल, तर पिशवी ठेवून घेणं ही चोरी ठरू शकते. हा निकाल आपल्यासाठी थेट कायदा नाही, पण विचार समजून घ्यायला इतकं सोपं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आता आपल्या भारतातल्या दोन तरतुदी लक्षात ठेवा.

पहिली, भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७१. दुसऱ्याची वस्तू सापडली आणि तुम्ही ती ताब्यात घेतली, तर कुणी विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू जशी सांभाळता, तशीच जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे समजदार माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल, तितकी ही जपायची. ड्रॉवरमध्ये टाकून ठेवली आणि हरवली, असं म्हणून सुटका नाही. मालक शोधायला आणि वस्तू सांभाळायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरण्याचा हक्क कलम १६८ देतं, पण माझा सल्ला असा की कुरिअरच्या शंभर रुपयांसाठी हा हक्क वापरू नका.

दुसरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होतं. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड.

या कलमात सापडलेल्या वस्तूबद्दल वेगळं स्पष्टीकरण आहे, ते नीट वाचा. रस्त्यावर एक नाणं सापडलं, कोणाचं ते कळायला मार्ग नाही, ते उचललं तर गुन्हा नाही. पण मालक माहीत असेल, किंवा त्याला शोधण्याचं साधन तुमच्या हातात असेल, आणि तरी तुम्ही वस्तू वापरली, तर गुन्हा. मालक माहीत नसला तरी त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता, वाजवी मुदत न थांबता वस्तू आपलीशी केली, तरीही गुन्हा.

मित्रांनो, आता आपल्या धंद्याकडे बघा. गाडीची आरसी तुमच्या टेबलावर आहे. त्यावर नाव, पत्ता. विकणाऱ्याचा मोबाइल नंबर तुमच्या फोनमध्ये. म्हणजे "कोणाची आहे ते कळलंच नाही" हे वाक्य गाडीवाल्याला बोलताच येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला जी सवलत आहे ती आपल्याला नाही.

सगळ्यात मोठी जोखीम कोणाची?

कायदा झाला. पण मी माझ्या दुकानात जी पद्धत लावली आहे ती पोलिसांच्या भीतीने नाही. तिचं कारण वेगळं आहे, आणि ते समजलं तरच तुम्ही ती रोज पाळाल.

संगमेश्वरकडची एक वॅगन-आर आमच्याकडे आली होती. साफ करताना पुढच्या डाव्या सीटच्या रुळात, ग्रीस आणि धूळ यांच्यात अडकलेली एक मोत्याची कुडी निघाली, सोन्यात बसवलेली. गाडीमालकाला फोन केला, गाडीत काही राहिलंय का म्हणून विचारलं. ते म्हणाले, काही नाही. घरच्यांना विचारून बघा म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या मिसेसचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी त्या जोडीची दुसरी कुडी रुमालात बांधून घेऊन आल्या. दोन्ही शेजारी ठेवल्या, जुळल्या. रजिस्टरवर सही करता करता त्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वी ही कुडी घरातूनच गेली असं त्यांना वाटलं होतं. पोलिसांत गेले नव्हते ते लोक. फक्त घरकामाला येणाऱ्या मावशींना सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नका.

त्या मला म्हणाल्या, "दादा, ही कुठे सापडली ते लिहिलंय ना यात? तारखेसकट? मला या पानाचा फोटो द्या." फोटो घेऊन त्या गेल्या.

आता हेच आपल्या दुकानावर लावून बघा. गाडी विकल्यावर आठ दिवसांनी मालकाचा फोन येतो, "माझी अंगठी गाडीत होती." गाडी कोणी धुतली? तुमच्याकडच्या पोराने. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, रोजावर काम करणारा. त्याच्याकडे मी काही घेतलं नाही हे सिद्ध करायला काय आहे? काहीच नाही. तुमच्याकडे बिल बुक आहे, दुकानाचं नाव आहे, चार ओळखीचे लोक आहेत. त्याच्याकडे फक्त तुमचा विश्वास, आणि कस्टमर समोर आवाज चढवत असताना तुम्हीही एकदा त्याच्याकडे बघणारच. रत्नागिरी एवढंसं गाव. मारुती मंदिरला झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कुवारबावला पोचते. त्या पोराला पुढे कोण कामावर ठेवणार?

नोंद असली तर बोलणंच वेगळं होतं. "साहेब, अमुक तारखेला गाडी दोघांनी मिळून तपासली, जागेवार यादी आहे, फोटो आहेत, अंगठी निघालेली नाही." यावर मालकाचं समाधान होईल न होईल, पण एका पोराकडे बोट जात नाही. म्हणून मी म्हणतो, पद्धत वस्तूसाठी नसते. ज्याच्यावर संशय सगळ्यात आधी येतो, त्याच्यासाठी असते.

गाडी तपासायची कशी?

नियम एक: धुण्याच्या आधी तपासणी. व्हॅक्यूम लावला की छोटी वस्तू पाइपात जाते आणि पुरावाही जातो.

नियम दोन: दोन माणसं. एक शोधेल, एक लिहील आणि फोटो काढील. दुकानात तुम्ही आणि एकच पोरगा असाल, तर लिहिणारे तुम्ही.

नियम तीन: जागेवरच फोटो. वस्तू उचलण्याआधी जिथे आहे तिथे एक, उचलल्यावर एक. फोटोत गाडीचा नंबर दिसेल असा एक कागद ठेवा.

क्रम असा ठेवा, म्हणजे काही सुटत नाही. सनवायझर, दरवाज्यांचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, मधला कन्सोल, दोन्ही पुढच्या सीटखाली आणि रुळात, मागच्या सीटच्या पाठीच्या खिशात, मागच्या बैठकीच्या खाली, डिकीच्या कार्पेटखाली, स्टेफनीच्या खड्ड्यात, जॅक-पान्याच्या पिशवीत, आणि शेवटी बॉनेटखाली.

यातल्या तीन जागा लोक हमखास सोडतात. पहिली, ग्लोव्ह बॉक्सची मागची बाजू. कप्पा जास्त भरला की कागद मागून खाली पडतात. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजू दाबल्या की कप्पा पूर्ण खाली येतो, तिथे एसीचा फिल्टरही असतो. दुसरी, मागच्या बैठकीखालची फट. बऱ्याच हॅचबॅकमध्ये बैठक वर ओढली की क्लिपमधून सुटते. दागिने, चाव्या आणि औषधाच्या गोळ्या इथेच निघतात. तिसरी, स्टेफनीचा खड्डा.

सामान काय लागतं? हेडटॉर्च, लांब चिमटा, काठीला लावलेलं लोहचुंबक, जाड हातमोजे आणि पारदर्शक पिशव्या. हातमोज्यांशिवाय सीटखाली हात घालू देऊ नका. इन्सुलिनच्या सुया, ब्लेड, फुटलेली काच हे सगळं निघतं. आणि सीटखाली पिवळ्या रंगाची वायर किंवा कनेक्टर दिसला, तर तो ओढायचा नाही, सुटा करायचा नाही. ती एअरबॅगची लाइन असते.

वेळ किती? छोट्या गाडीला चाळीस मिनिटं. खर्च काढू. समजा पोराचा रोज ५०० रुपये आणि काम आठ तास. तासाला साडेबासष्ट, चाळीस मिनिटांचे झाले साधारण ४२ रुपये. तुमचा वेळ तेवढाच धरला आणि दुप्पट किमतीने लावला, तरी एका गाडीमागे सव्वाशे रुपयांच्या आसपास. बीबीएला असताना कॉस्टिंगच्या तासाला आम्हाला शिकवायचे की जो खर्च लिहिला जात नाही, तोच धंद्याला खातो. हा खर्च लिहा, गाडीच्या तयारी खर्चात धरा, आणि विसरून जा.

रजिस्टर कसं असावं?

साधी शंभर पानी वही पुरते. पानं सुटी नकोत, आणि पानांना आधीच नंबर घाला. रकाने असे: अनुक्रमांक, तारीख आणि वेळ, गाडीचा नंबर, वस्तूचं वर्णन, कुठे सापडली, शोधणाऱ्याची सही, लिहिणाऱ्याची सही, मालकाला कळवल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, घेणाऱ्याची सही.

वर्णनात एक काळजी घ्या. "सोन्याची अंगठी" असं लिहू नका. "पिवळ्या धातूची अंगठी, लाल खडा" असं लिहा. धातू कोणता ते ठरवणं आपलं काम नाही. उद्या ती पितळेची निघाली, तर तुम्ही बदलली असा आरोप यायला नको. आणि काहीच सापडलं नाही, तरी त्या गाडीची ओळ लिहायची: "तपासली, काही नाही." खरं तर ही ओळ सगळ्यात जास्त कामाला येते.

गाडी घेतानाच्या पावतीवर मी दोन वाक्यं छापून घेतली आहेत, हवी तर तुम्हीही घ्या: "गाडीतील वैयक्तिक सामान काढून घेतल्याची खात्री विक्रेत्याने केली आहे. त्यानंतर सामान आढळल्यास दुकान विक्रेत्याला कळवेल व नोंद करून ९० दिवस सांभाळेल." हे ९० दिवस मी ठरवलेत. कायद्यात दिवसांचा आकडा नाही, तिथे "वाजवी मुदत" असा शब्द आहे. मुदतीनंतरही मौल्यवान वस्तू विकायची नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यायची.

मालकाला फोन करताना

फोनवर वस्तू काय आहे ते आधी सांगायचं नाही. "साहेब, गाडीत तुमची एक वस्तू राहिलीय असं वाटतंय. काय असेल सांगू शकाल?" एवढंच. ओळख त्यांनी पटवायची. दुसरा किंवा तिसरा मालक असलेली गाडी असेल, तर वस्तू आधीच्या मालकाची असू शकते. अशा वेळी विकणाऱ्याकडूनच मागचा नंबर घ्या.

बोलायचं फक्त ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याशी. फोन मुलाने उचलला, बायकोने उचलला, भावाने उचलला, तर "गाडीच्या कागदांबद्दल बोलायचं होतं, साहेबांना फोन करायला सांगा." हॉस्पिटलचे रिपोर्ट निघतात, कर्जाच्या नोटिसा निघतात, कोणाचं पत्र निघतं. ते वाचायचं नाही, पाकिटात घालून बंद करायचं.

आणि एक हात जोडून विनंती. यावर रील करू नका. "जुन्या गाडीत काय सापडलं बघा" या व्हिडिओला व्ह्यूज मिळतील, मला माहीत आहे, माझाही चॅनल आहे. पण ती गाडी ओळखणारे पन्नास लोक याच तालुक्यात असतात. ज्या माणसाचं खाजगी तुम्ही दाखवलं, तो आणि त्याचे नातेवाईक परत कधी तुमच्या दारात येणार नाहीत.

काही वस्तूंना हातच लावायचा नाही

कोकणात शेती राखायला परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत. डिकीत काडतूस निघालं, तर ते उचलून कपाटात ठेवू नका. परवान्याशिवाय काडतूस जवळ बाळगणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, आणि "सापडलं म्हणून ठेवलं" हे सांगत बसायची वेळ येते. काम थांबवा, गाडीपासून बाजूला व्हा, ११२ वर फोन करा. संशयास्पद पावडर किंवा पुड्या निघाल्या तरी तेच.

आधार, पॅन, चेकबुक, सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर: हे निघालं तर फोटोत नंबर येऊ देऊ नका, पाकीट सीलबंद करा, आणि मालकाच्याच हातात द्या.

न दिसणाऱ्या वस्तू

काही गोष्टी चिमट्याने निघत नाहीत, पण विसरलेल्याच असतात.

एक, फास्टॅग. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर चारचाकीला तो बंधनकारक झाला. विकताना लोक तो काचेवर तसाच सोडतात. मग नवा मालक कोल्हापूरहून पुण्याला जाताना किणीला आणि तासवडेला टोल भरतो तो जुन्या मालकाच्या खात्यातून. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशीच मालकाला समोर बसवून त्याच्या बँकेकडे टॅग बंद करायला लावा, मग काचेवरून काढा. काढताना तो फाटतो, तसाच बनवलेला असतो.

दोन, म्युझिक सिस्टिम. ब्लूटूथला जोडलेल्या फोनची नावं, कधी कधी पूर्ण फोनबुक, आणि नकाशात "घर" म्हणून साठवलेला पत्ता. सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून मालकाला परत.

तीन, मालकाचं नाव. आरसीवर जुनं नाव राहिलं, तर ते या सगळ्यांत महाग पडतं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं; फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. सुप्रीम कोर्टात २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला निकाली निघाला. त्यात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, पण नोंदणीवर नाव मूळ मालकाचंच. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्यावरच आली. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरसाठी केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ ला नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात आरटीओकडून डीलरचा परवाना घ्यायची तरतूद आहे. धंदा सुरू करायच्या आधी तो घ्या.

कचराही बोलतो

शेवटचा मुद्दा खास धंद्याचा. गाडीतले कागद फेकण्याआधी बघा. मीटरवर ६१ हजार किलोमीटर, आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे पडलेल्या २०२१ च्या सर्व्हिस बिलावर ९२ हजार, तर मीटर फिरवलेला आहे. इंजिनजवळ ऑइल बदलल्याचा स्टिकर असतो, त्यावरही किलोमीटर लिहिलेले असतात. जुन्या पीयूसीच्या तारखा, टायरचं बिल, टोलच्या पावत्या: गाडी कुठे, किती फिरली ते यातून कळतं.

पुराच्या गाडीचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी बाहेरून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला बारीक गाळ बसलेला असेल, सीटचे रूळ आणि बोल्ट गंजलेले असतील, स्टेफनीच्या खड्ड्याच्या कडेला गाळाची रेघ असेल, तर थांबा. आपल्या रस्त्यावरची तांबडी धूळ वेगळी, ती वरवर आणि सुटी असते. पुराचा गाळ फटीत जाऊन लिंपल्यासारखा बसतो. शक्य असेल तर ही तपासणी पैसे देण्याआधी करा. नंतर कळलं तर निदान पुढच्या कस्टमरला खरं सांगून, त्याच भावाने विका.

या आठवड्यात काय कराल?

एक वही आणा, रकाने आखा, पानांना नंबर घाला. हेडटॉर्च, चिमटा, हातमोजे, पिशव्या घ्या. पावतीवर ती दोन वाक्यं छापा. आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलाला समोर बसवून ही पद्धत का आहे ते समजावून सांगा. "तुझ्यावर लक्ष ठेवायला" असं त्याला वाटता कामा नये. त्याला सांगा की उद्या कोणी आरोप केला तर हे पान मी दाखवणार आहे. वस्तू मालकाला परत गेली की शोधणाऱ्याला शंभर रुपये आमच्याकडे त्याच दिवशी मिळतात, ते तुम्हीही सुरू करा.

पुढच्या लेखात जुन्या गाडीचा तयारी खर्च कसा मांडायचा ते बघू. गाडी विकून पैसे सुटले असं वाटतं, आणि वर्षअखेरीस खिशात काही दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

भेटू लवकरच. धंदा नीट करा, हिशोब रोजचा रोज लिहा.